‘क्सीअर’चं कोल्हापुरीत काय करायचं?

गेल्या अंकात ‘मेडशेन’ या जर्मन शब्दावर चार ओळी लिहिल्या होत्या. मेडशेन म्हणजे मुलगी, पण व्याकरणात नपुंसकलिंगी. शब्दाच्या शेवटी ‘शेन’ लागलं की जर्मनमध्ये तो शब्द लाडका-लहान होतो आणि त्याच्यामागं ‘डास’ लागतं, म्हणजे आपलं ‘ते’. एवढंच लिहिलं होतं. त्यावर या महिन्यात पत्रांची थप्पी आली, आणि बहुतेकांनी एकच टोक पकडलंय: तो, ती, ते. म्हणून हा सगळा भाग त्यालाच दिला.

एक आधीच सांगून ठेवतो. मी बाई आहे. मंगळवार पेठेत जन्मलो, राजारामपुरीत तीस वर्षं जर्मन शिकवतो, आणि बोलताना ‘शिकवतो’च म्हणतो. आजवर या सदरात मुद्रितशोधक माझा ‘तो’ खोडून ‘ते’ करत आले. या वेळी संपादकांना म्हटलं, राहू दे. विषयच तसा आहे.

प्रश्न: मॅडम, आम्ही तिघं मिळून एका जर्मन कॉमिकचं मराठी करतोय. सोळा पानांची हातानं काढलेली पुस्तिका आहे, माझ्या कोलोनच्या मैत्रिणीनं पाठवली. पंचवीस झेरॉक्स काढून मित्रांत वाटायच्या, एवढाच बेत. मुख्य पात्र सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतं आणि स्वतःला ना पुरुष म्हणवतं, ना बाई. जर्मनमध्ये त्याच्यासाठी ‘क्सीअर’ असं सर्वनाम वापरलंय. आम्ही आधी ‘ते’ लिहिलं, तर वाचताना सायकलच बोलतेय असं वाटायला लागलं. मग ‘क्सीअर’ तसंच ठेवलं. आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हे कुठल्या फवारणीच्या औषधाचं नाव? त्यात दुसऱ्या पानावर गिऱ्हाईक सर्वनाम चुकतं आणि पात्र त्याला दुरुस्त करतं, तिथं तर पार अडकलोय. — राजारामपुरी

उत्तर: आजींना नमस्कार सांगा, कान तयार आहे त्यांचा. आणि पुस्तिका ज्यांनी काढली त्यांना विचारलंय ना? पंचवीस प्रती असोत नाहीतर पाच, एक ओळ लिहून परवानगी घ्या.

आता ‘क्सीअर’. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन सर्वनामं: एअर, झी, एस. तो, ती, ते. माणसाला ‘एस’ म्हटलं की वस्तूला म्हटल्यासारखं होतं, तुमच्या सायकलीसारखंच. (काही जण तरी ते स्वतःसाठी निवडतात, तो त्यांचा अधिकार.) इंग्रजीवाले अनेकवचनी ‘दे’ एकट्या माणसाला लावून मोकळे झाले. जर्मनला ती वाट बंद आहे, कारण त्यांचं अनेकवचन म्हणजे पुन्हा ‘झी’च. ती, झी. ते सगळे, झी. आदरानं ‘आपण’ म्हणायचं तरी झी, फक्त लिहिताना पहिलं अक्षर मोठं. माझे विद्यार्थी पहिल्या महिन्यात या झीपायी रडकुंडीला येतात. जुन्या डब्यात काही सापडेना म्हटल्यावर लोकांनी नवे शब्द घडवले.

‘क्सीअर’ घडवलं इली आना हेगर यांनी. हेगर स्वतः कॉमिक्स काढतात. म्हणजे हे सर्वनाम व्याकरणाच्या वर्गातून आलेलं नाही, चित्रकाराच्या टेबलावरून आलंय, आणि मला ते फार बोलकं वाटतं. त्यांनी नुसता एक शब्द देऊन हात झटकले नाहीत. सगळ्या विभक्त्या बसवल्या, वर्षानुवर्षं सुधारून नव्या आवृत्त्या काढल्या. जर्मनमध्ये ‘त्याला’चे दोन प्रकार, ‘ईम’ आणि ‘ईन’. त्याच चालीवर ‘क्सीएम’ आणि ‘क्सीएन’. म्हणून वाक्यात बसल्यावर ते फारसं टोचत नाही. याशिवाय ‘झीअर’ आहे, त्यात ‘झी’ आणि ‘एअर’ दोन्ही सरळ दिसतात. इंग्रजीवरून उचललेलं ‘डे’ आहे. स्वीडिशमधून आणलेलं ‘हेन’ आहे, जे खुद्द स्वीडनमध्ये २०१५ साली तिथल्या अकादमीच्या शब्दसूचीत जाऊन बसलं. जर्मनमध्ये अजून कुठल्याच शब्दानं कुस्ती मारलेली नाही. ज्याचं त्यानं सांगायचं, समोरच्यानं ऐकायचं.

आता जरा वर बघा. हेगर यांच्याबद्दल चार-पाच वाक्यं लिहिली: ‘यांनी’, ‘काढतात’, ‘त्यांनी’. हेगर बाई का पुरुष, हे त्यातून कळलं? आणि वाचताना कुठं खडा लागला? म्हणजे निवेदनाच्या पट्टीपुरतं तुमचं काम मराठीनं आधीच करून ठेवलंय. ‘त्यांनी, त्यांना, त्यांचं’ लिहा आणि पुढं चला.

खरा घोळ फुग्यांत आहे, म्हणजे पात्रांच्या तोंडच्या बोलण्यात. जर्मन क्रियापदाला लिंग नसतं. ‘इश गेहे’ म्हणजे मी जातो, आणि मी जातेसुद्धा. त्यामुळं जर्मन पात्र आपल्या फुग्यात दिवसभर बडबडलं तरी काही उघड होत नाही. लिंग डोकावतं ते पट्टीत आणि दुसऱ्याच्या तोंडी. आपल्याकडं नेमकं उलटं. पट्टी निभावते, आणि पात्रानं तोंड उघडलं की संपलं: आलो का आले, दमलो का दमले? सोळा पानं, पानाला पाच फुगे धरले तर ऐंशी ठिकाणी सापडणार तुम्ही.

हे मला फार आधी अंगावर बेतून कळलं. १९८४ साली जर्मन शिकायला पुण्याला गेलो. वसतिगृहात पहिल्याच रात्री कुणीतरी विचारलं, जेवलीस का? मी म्हणालो, ‘होय, जेवलो.’ खोलीतल्या चौघी गादीवर लोळून हसल्या. पुढं महिनाभर माझं नाव पैलवान. मग मी सुधारलो, म्हणजे सुधारले. दिवाळीला घरी आलो आणि दारातनंच हाक दिली, ‘आई, आले गं!’ आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पुण्याला जाऊन लईच बाई झालीस की.’ त्याच वर्षी वर्गात ‘इश बिन म्यूडं’ शिकलो, म्हणजे ‘मी दमलो’ किंवा ‘मी दमले’, काय हवं ते घ्या. बाकावर बसल्या बसल्या वाटलं, काय सुखाची भाषा आहे. इथं तोंड उघडलं तर कुणी हसणार नाही.

म्हणून पहिला उपाय घरचाच सांगतो. पात्राला कोल्हापुरी बोलू द्या. कोलोनचं दुकान उचलून गंगावेशीत आणा. ‘मी आलो, बसलो, निघालो’ आपल्याकडं आजी म्हणते, नात म्हणते, नातीचा भाऊ म्हणतो. त्या फुग्यावरून बाई का बुवा हे कोल्हापूरचा वाचक ठरवत नाही. पण प्रती पुण्याला जाणार असतील तर हा उपाय तिथं लंगडा पडेल. ते लोक पात्राला सरळ पुरुष समजून पान उलटतील.

दुसरा उपाय पट्टीसाठी, आणि हा माझा लाडका. प्रमाण मराठीत पाहुणे ‘आलेत’ आणि आत्या ‘आल्यात’. आपल्या खेड्यांत काय म्हणतात? पाव्हणं आल्यात. आत्या आल्यात. शाळंतलं सर गेल्यात, बाई गेल्यात. मान द्यायचा म्हटला की दोघांना एकच ‘ल्यात’. शिवाय ‘सायेब आलं’, ‘मालक गेलं’ हेही आहेच. पुण्याच्या कानाला ते नपुंसकलिंग वाटतं, आमच्या कानाला तो मान आहे. तुमच्या ‘ते’ला सायकलीचा वास आला, कारण तुम्ही ते शाळेच्या पुस्तकाच्या आवाजात वाचलंत. आजींना असं वाचून दाखवा: ‘त्ये दुकानात आल्यात. हातात पाना हाय.’ आणि काय म्हणतात ते मला कळवा.

कोल्हापुरी नकोच असेल तर तिसरी वाट. मराठी क्रियापद सगळीकडं चुगली करत नाही, ते कुठं करतं हे ओळखून ठेवायचं. ‘मी चहा घेतला’ यातलं ‘घेतला’ चहामुळं आहे, माझ्यामुळं नाही. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी चाक काढलं’, सगळं तसंच. भविष्यकाळ निर्धास्त: जाईन, बघीन, येईल. ‘येणार, जाणार’ निर्धास्त. ‘मला’नं सुरू होणारं जवळजवळ सगळं निर्धास्त: मला झोप आली, मला जायचंय, मला पटत नाही. चुगलखोर आहेत ती जातो-जाते, आलो-आले, बसलो-बसले ही मंडळी. आणि सावध राहा: शिकणे, विसरणे, म्हणणे ही कर्म घेऊनसुद्धा फितूर होतात. ‘मी जर्मन शिकलो’, ‘मी नाव विसरलो’, ‘मी म्हणालो’. पैकी ‘म्हणालो’ला ‘म्हटलं’ हा पर्याय आहे, देव पावला, कॉमिकमध्ये तो पानोपानी लागतो. बाकीच्यांना वळसा घाला: ‘नावच आठवेना’.

नमुना म्हणून एक फुगा लिहून देतो. पात्र संध्याकाळी हात पुसत बसलंय:

‘सकाळपासून चौदा चाकं काढली. पाठ मोडली. आता चहा घेणार, मग घर. तुझी चेन उद्या बघीन.’

बघा शोधून, कुठं सापडतंय का. पण ऐंशीच्या ऐंशी फुगे असे इस्त्री करू नका, पात्र वकिलासारखं बोलायला लागेल. दोन-तीन ठिकाणी बिनधास्त ‘आलो’ टाका.

राहिलं दुसरं पान. तिथं गिऱ्हाईक सर्वनाम चुकतं, कारण जर्मन माणूस तिथंच चुकू शकतो. कोल्हापूरचं गिऱ्हाईक सर्वनामापर्यंत पोचतच नाही, ते त्याआधी हाकेत चुकतं. ‘ओ दादा, पंक्चर काढता काय?’ मग जवळ येऊन बघतं आणि, ‘न्हाई, म्हंजे... ताई?’ आपल्याकडं अनोळखी माणसाला नातं चिकटवल्याशिवाय बोलायला सुरुवातच होत नाही, आणि प्रत्येक नात्याला मिशी नाहीतर कुंकू असतंच. पात्राचं उत्तर: ‘दादा नाही, ताई नाही. पाटीवर नाव लिवलंय, त्या नावानं हाक मारा.’ मूळ पानावरच्या चित्राला हे बसतंय का बघा. दुकानाला पाटी नसेल तर ‘क्सीअर’ तसंच ठेवा आणि आजींचा फवारणीचा विनोद गिऱ्हाइकाच्या तोंडी घाला. आजींचं नाव आभारात पाहिजे.

प्रश्न: स. न. वि. वि. आपल्या सदरातून भाषेविषयी उद्‌बोधक माहिती मिळते. परंतु ही नवी सर्वनामे वगैरे परदेशी खूळ आहे आणि ते उद्या मराठीत शिरणार, याचा आपण बंदोबस्त करण्याऐवजी कौतुक करीत आहात असे दिसते. तीन लिंगांत आपले शेकडो वर्षे भागले. मूठभर लोकांसाठी व्याकरण का वाकवावे? — एक सेवानिवृत्त, शिवाजी पेठ

उत्तर: काका, वाकवून झालंय. तुम्ही फिरून घरी येता तेव्हा नातवंडं ‘आजोबा आले’ म्हणतात. किती जण येता तुम्ही? एका माणसाला अनेकवचन लावणं हे हिशेबानं साफ चूक, पण त्याला आपण मान म्हणतो आणि तो मिळाला नाही तर जेवण जात नाही. आषाढात ‘माऊली निघाली’ म्हणतो तेव्हा ज्ञानोबांना स्त्रीलिंगी क्रियापद लावतो. तुमचा हात तिथंही लाल पेन घेऊन उठत नसणार.

मूठभर म्हणालात, ते कुठले? ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला तुम्ही माझ्याहून जास्त वेळा गेला असाल. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीची टोपली घेतलेले, लुगडं नेसलेले जोगते, मुलगा म्हणून जन्मून देवीला वाहिलेले, तिथं बघितलेच असतील. आमच्या गल्लीतल्या बायका त्यांना वाकून नमस्कार करायच्या आणि आई म्हणायच्या. त्यांचं आयुष्य सुखाचं होतं असं मी म्हणत नाही. नमस्कार करणाऱ्या त्याच बायका दुसऱ्या दिवशी त्यांना ओट्यावर बसू देत नव्हत्या, हेही बघितलंय. पण हे लोक कालच्या विमानानं आलेले नाहीत.

एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूचा आहे. जर्मनमध्ये शिक्षक म्हणजे ‘लेरर’, शिक्षिका म्हणजे ‘लेररिन’. सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणून हल्ली ‘लेरर’ आणि ‘इन’च्या मध्ये एक तारा घालतात आणि वाचताना तिथं चिमूटभर थांबतात. एका परिच्छेदात असे सात तारे आले की माझाही डोळा ठेचकाळतो. गोष्टीत तर मला तो नकोच वाटतो. जर्मनीतही यावरून कडाक्याचं भांडण चालू आहे. बायर्न राज्यानं १ एप्रिल २०२४ पासून सरकारी कार्यालयांत आणि शाळांत तारा, मधली खालची रेघ, मधला विसर्गासारखा ठिपका, सगळ्यांना बंदी केली. म्हणजे तुमच्यासारखे काका तिथंही आहेत, काळजी नसावी. फक्त तारा हे साऱ्या गर्दीला एकदम हाक मारायचं प्रकरण आहे. सर्वनाम एका माणसाचं असतं, आणि तो माणूस समोर उभा असतो.

प्रश्न: मॅडम, मी नर्सिंग झालोय, जर्मनीत अर्ज करतोय. प्रत्येक जाहिरातीत पदाच्या पुढं कंसात ‘एम, वे, डे’ अशी तीन अक्षरं आहेत. हा पगाराचा ग्रेड आहे का? — इचलकरंजी

उत्तर: पगाराचा काही संबंध नाही. मेनलिश, वाइबलिश, डिव्हेर्स: पुरुष, स्त्री, आणि या दोन्हींत न बसणारे. कुणीही अर्ज करा, एवढाच अर्थ. १० ऑक्टोबर २०१७ ला तिथल्या घटना न्यायालयानं निकाल दिला आणि डिसेंबर २०१८ पासून जन्मनोंदीत ‘डिव्हेर्स’ हा पर्याय आला. रकाना कोरा ठेवायची सोय त्याआधी २०१३ पासूनच होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून नवा कायदा लागू आहे: नोंद बदलायची तर आता न्यायालयात खेटे आणि तज्ज्ञांचे अहवाल लागत नाहीत, नोंदणी कार्यालयाला तीन महिने आधी कळवायचं आणि मग समक्ष जाऊन निवेदन द्यायचं. आपल्याकडं सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी ही ओळख १५ एप्रिल २०१४ ला मान्य केली होती, म्हणजे या एका बाबतीत आपण आधी.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. पत्र कुणाला लिहिताय ते बाई का पुरुष हे नावावरून कळलं नाही तर ‘हेर’ किंवा ‘फ्राऊ’चा जुगार खेळू नका. ‘गुटेन टाग’ आणि पुढं पूर्ण नाव लिहा. कुणाचा अपमान होत नाही आणि तुमचीही फजिती टळते.

प्रश्न: मुलीच्या कपाटात ‘क्वीअर कॉमिक्स’ असं लिहिलेली दोन इंग्रजी पुस्तकं सापडली. अशा चित्रांच्या पुस्तकांत नेमकं काय असतं? तिला विचारायचं धाडस होत नाही. ती एकोणीस वर्षांची आहे. — महाद्वार रोड

उत्तर: चित्रं म्हटली की पोरांची आणि ‘तसलं’ नाव दिसलं की घाणेरडं, या दोन्ही समजुती बाजूला ठेवा. ‘क्वीअर’ म्हणजे समलिंगी, किंवा बाई-पुरुषाच्या ठरलेल्या चौकटीत न बसणारे लोक. त्या पुस्तकांत बहुतेक वेळा घर असतं. ॲलिसन बेक्डेल यांचं २००६ सालचं ‘फन होम’ घ्या: एक मुलगी आपल्या मेलेल्या वडिलांना समजून घ्यायला बघते. वडील इंग्रजीचे मास्तर, घरचा धंदा लोकांचे अंत्यविधी करून द्यायचा, आणि पोटात एक गुपित. माया कोबाबे यांचं २०१९ सालचं ‘जेंडर क्वीअर’ म्हणजे स्वतःला तो म्हणावं का ती, हे कळेपर्यंतची आत्मकथा. कोबाबे यांनी अखेर इंग्रजीतली ‘ई, एम, एर’ ही घडवलेली सर्वनामं घेतली. अमेरिकेच्या वाचनालयांत २०२१ पासून सलग तीन वर्षं सगळ्यात जास्त तक्रारी याच पुस्तकाविरुद्ध झाल्या. त्यात काही चित्रं मोकळी आहेत, हे सांगून ठेवतो. तुमची मुलगी एकोणिसाची आहे, तिला चालतील.

आणि क्वीअर म्हणजे दर वेळी सर्वनामाचा पेच असं नाही. जर्मनीचे राल्फ क्यूनिग १९८०च्या दशकापासून समलिंगी पुरुषांच्या हसवणाऱ्या कॉमिक्स काढताहेत, बटाट्याएवढ्या नाकांची माणसं. त्यातले सगळे ‘तो’ आणि ‘तो’, व्याकरणाला काही त्रास नाही. त्यांच्या १९८७ च्या गोष्टीवरचा सिनेमा १९९४ साली आला तेव्हा जर्मनीत लोकांनी थिएटरं भरून टाकली, आणि ते सगळे काही समलिंगी नव्हते.

पुस्तकं जिथून काढलीत तिथं ठेवा. मग एखादं वाचायला मागा. कपाट उघडलं होतं हे मात्र आधी कबूल करावं लागेल.

प्रश्न: बाई, माझं बहिणीचं लेकरू पुण्यात शिकतंय. लहानपणापास्नं माझ्याकडंच वाढलंय. गणपतीला आलं तवा म्हणालं, मावशी, मला आता ती बी म्हणू नको आणि तो बी म्हणू नको. मी हो म्हटलं, पर मला जमंना. ‘ते’ म्हटलं तर जनावरागत वाटतंय. गप बसायचं म्हटलं तर त्याला वाटंल मावशी रुसली. दिवाळीला येणार हाय. काय म्हणू? — गडहिंग्लज

उत्तर: मावशी, तुमचं पत्र तीनदा वाचलं. एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली नाही: लेकराचं म्हणणं सांगितलंत तेवढं सोडलं तर सगळ्या पत्रात तुम्ही त्याला एकदाही ‘तो’ किंवा ‘ती’ म्हटलेलं नाही. लेकरू शिकतंय, वाढलंय, आलं, म्हणालं. जनावरागत वाटलं का कुठं? मला तर वाचताना भरून आलं.

ज्या भाषेचे मी वर्ग घेतो तिच्यात तुमच्या नात्यापुरती तरी ही सोय नाही. जर्मनमध्ये भाचा म्हणजे ‘नेफं’, भाची म्हणजे ‘निश्टं’, मधला रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही. आपल्याकडं लेकरू आहे, भावंड आहे, नातवंड आहे, आणि तुमच्यासाठी तर भाचरू आहे. आणि सगळी ‘ते’ असून सगळी मायेची. पाव्हण्यांत ओळख करून द्यायची झाली तर ‘हे आमचं भाचरू’ म्हणा, बघू कोण विचारतंय पुढं.

पण आधी त्या लेकराला विचारा. मोठ्या वयाला ‘लेकरू आलं’ आवडेलच असं नाही, आणि आपल्याला गोड वाटतंय म्हणून त्यालाही गोड वाटावं अशी सक्ती करू नका. एकदा विचारायचं, सांगेल ते धरायचं. ‘ते’च चालेल म्हणाल्यास प्रश्न मिटला. नुसतं नाव घ्या म्हणाल्यास नाव घ्या. नाव घेऊन कुणी दमत नाही.

समोरासमोर बोलताना खरी ठेच ‘तू’ला लागते: आलास, आलीस, जेवलास, जेवलीस. तिथं थोडी सवय बदलावी लागेल, तुम्हाला जमेल. ‘जेवलीस का’च्या जागी ‘भाकरी खाल्लीस का’ विचारा. त्यातली ‘ली’ भाकरीची, माणसाची नाही. ‘कधी आलीस’च्या जागी ‘कुठल्या गाडीनं येणं झालं?’ ‘झोपतेस का’च्या जागी ‘झोपणार का?’ फराळ पुढ्यात ठेवताना ‘घे’ म्हटलं की पुरे, हुकमाला लिंग नसतं. चुकाल, मीही चुकतो. जीभ चावून पुढचं वाक्य नीट म्हणायचं, माफी मागत बसायचं नाही. माफी लांबली की समजूत त्या लेकरालाच काढावी लागते.

शेजारच्यांपुढं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. त्यांच्यापुढं काय म्हणायचं हेही त्या लेकराकडनंच ठरवून घ्या. घरात एक आणि गल्लीत एक, असं काही जणांना बरं वाटतं, काहींना नाही.

आणि निघताना उंबऱ्यावर ‘येतो, मावशी’ ऐकू आलं, तर त्यातून काही अर्थ काढत बसू नका. तुम्हीही तेच म्हणून घरातनं बाहेर पडता.